डावे-उजवे : एका उसन्या मोजपट्टीची मीमांसा

१

एखाद्या लेखकाचे नाव निघाले की त्याच्या ग्रंथांविषयी काही विचारण्यापूर्वी ‘तो डावा की उजवा?’ असे विचारण्याची प्रथा आपल्याकडे आता इतकी रुळली आहे की, तीत काही वावगे आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. राजकीय सभेत हा प्रश्न निघाला तर त्याचे नवल नाही. मते मागणाऱ्यास आपली माणसे आणि परकी माणसे मोजावीच लागतात. परंतु वाचनमंडळात, अभ्यासक्रम ठरविणाऱ्या बैठकीत, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि ग्रंथपरीक्षणाच्या पहिल्याच परिच्छेदात हीच विचारणा होऊ लागते, तेव्हा तिचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकांनी करणे प्राप्त होते. या शब्दांविषयीचा आमचा वैताग जुना आहे, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. तथापि वैताग हा काही युक्तिवाद नव्हे. म्हणून हे शब्द आले कोठून, मराठीत आल्यावर त्यांचे काय झाले, आपल्या इतिहासातील माणसांना ते कितपत लागू पडतात आणि वाङ्मयाच्या वाचनात त्यांच्यामुळे कोणती हानी होते, हे क्रमाने पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

या शब्दयुग्माचा जन्म एका सभागृहातील बैठकव्यवस्थेतून झाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १७८९ साली व्हर्साय येथे फ्रान्सची राष्ट्रीय सभा भरली असता राजाला नकाराधिकार असावा की नसावा, या प्रश्नावर मतभेद झाला. राजाच्या अधिकाराचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या हातास आणि विरोधक डाव्या हातास बसले. त्या वेळी या शब्दांना पुरेपूर अर्थ होता, कारण प्रश्न एकच होता आणि त्याची उत्तरे दोनच होती. पुढे एकोणिसाव्या शतकात राजाचा प्रश्न मागे पडला. चर्चची सत्ता, प्रजासत्ताक, मालमत्तेचा हक्क, मजुरांचे वेतन असे नवे प्रश्न आले. प्रश्न बदलले तरी बाके तीच राहिली. एका प्रश्नावर डावीकडे बसणारा मनुष्य दुसऱ्या प्रश्नावरही डावीकडेच बसेल, हे त्या व्यवस्थेने न सांगता गृहीत धरले. सगळा घोळ या गृहीतात आहे.

मराठीत ही जोडी आली तेव्हा घर रिकामे नव्हते. डाव्या-उजव्याचे आपले अर्थ भाषेत पूर्वीपासून नांदत होते आणि ते तटस्थ नव्हते. ‘तो याच्यापेक्षा उजवा ठरला’ असे आपण म्हणतो, तेव्हा सरसपणाच सुचवितो. कोकणात आणि गोमंतकात देवाला कौल लावतात. उजवा कौल म्हणजे होकार आणि डावा म्हणजे नकार. ‘डावे-उजवे करणे’ म्हणजे माणसामाणसांत पंक्तिप्रपंच करणे. याच्या उलट, जेवणाच्या ताटातील डावी बाजू आणि उजवी बाजू यांत वैर नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. दोन्ही बाजू वाढल्याखेरीज ताट पुरे होत नाही. संस्कृतात तर गुंता याहून अधिक आहे. ‘वाम’ म्हणजे डावा, प्रतिकूल आणि सुंदरही; ‘दक्षिण’ म्हणजे उजवा, अनुकूल आणि चतुरही. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी माणसाच्या कानावर हिंदीतील ‘वामपंथी’ हा शब्द रोज पडतो आणि त्यामागे तांत्रिकांच्या वाममार्गाची सावली असते. बेळगावकडील वाचकास कानडीतील ‘एडगै’ व ‘बलगै’ हे शब्द ठाऊक असतील. डावा हात आणि उजवा हात असा त्यांचा अर्थ. परंतु कर्नाटकात ते शब्द राजकीय मतांना न लागता दलित जातींच्या दोन गटांना लागतात.

म्हणजे व्हर्सायच्या बाकांवरून निघालेले हे शब्द आपल्याकडे पोचले ते जुन्या शुभाशुभाच्या पेहरावात. ‘उजवा’ म्हणवून घेण्यास आपल्याकडे काही जण संकोचतात आणि ‘डावा’ म्हणवून घेण्यात काही जणांना अभिमान वाटतो. हा संकोच आणि हा अभिमान युरोपातून आलेले आहेत. भाषेचा मूळचा कल नेमका याच्या उलट आहे. अशा दुहेरी ताणात असलेला शब्द विचाराचे साधन म्हणून वापरताना किती सावध असावे लागेल, हे सांगावयास नको.

२

डाव्या-उजव्यांपूर्वी आपल्याकडे लेबले नव्हती असे नाही. सुधारक आणि सनातनी, जहाल आणि मवाळ या जोड्या एके काळी मराठी वृत्तपत्रांत गाजत होत्या. त्या जोड्यांचा एक गुण असा की, प्रत्येक जोडी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते तिच्या नावावरूनच कळत असे. सुधारक-सनातनी ही वाटणी समाजरचनेविषयी होती. जहाल-मवाळ ही परकीय सत्तेशी कसे वागावे याविषयी होती. आणि या दोन वाटण्या एकमेकींवर बसत नाहीत, हे त्या काळच्या वाचकाला उघड दिसत होते. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याला लोकमान्य टिळकांनी कडवा विरोध केला. आगरकर त्या प्रश्नावर दुसऱ्या टोकाला उभे होते. १९०७ साली सुरतेस राष्ट्रसभा फुटली तेव्हा टिळक जहालांचे अग्रणी होते आणि समाजसुधारणेला अनुकूल असलेले गोखले मवाळांचे. टिळकांना समाजकारणात सनातनी आणि राजकारणात जहाल म्हणण्यात कोणास विसंगती वाटली नाही, कारण दोन प्रश्नांना दोन स्वतंत्र शब्द उपलब्ध होते.

आज हेच टिळक डाव्या-उजव्याच्या चौकटीत बसवून पाहावेत. संमतिवयाच्या वादावरून त्यांना उजवे म्हणावे, तर १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले, आणि या घटनेची दखल खुद्द लेनिनने मोठ्या आस्थेने घेतली. त्यावरून त्यांना डावे म्हणावे, तर त्यांच्या सामाजिक लेखांचे काय करावयाचे? दोन्हींची सरासरी काढून त्यांना मध्यममार्गी म्हणावे, तर टिळकांविषयी याहून चुकीचे विधान करता येणार नाही. दोन शब्दांच्या जागी एक शब्द वापरू लागल्यावर आपण नेमके काय गमावले, ते या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

जोतीराव फुले यांचे उदाहरण याहून अवघड आहे. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापणारे आणि १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारे जोतीराव शेतकऱ्याच्या दैन्याचा हिशेब मांडतात. त्या हिशेबात सरकारी अंमलदार, भटशाही आणि शिक्षणाचा अभाव ही तिन्ही कलमे येतात. परंतु ब्रिटिश राज्य ही शूद्रातिशूद्रांना मिळालेली एक संधी आहे, असेही त्यांना वाटत होते. साम्राज्यविरोध ही डावेपणाची खूण मानली तर जोतीराव तीत बसत नाहीत. विषमतेचा विरोध ही खूण मानली तर त्यांच्याइतका डावा माणूस त्यांच्या शतकात सापडणे कठीण. त्यांच्या परंपरेतील ब्राह्मणेतर चळवळीचा पुढील प्रवासही असाच आहे. तीतील केशवराव जेधे यांच्यासारखे पुढारी १९३०च्या सुमारास काँग्रेसमध्ये आले, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्यांनी शेतकरी कामगार पक्ष उभारला आणि १९५०च्या दाभाडी प्रबंधाने त्या पक्षाने मार्क्सवादाचा स्वीकार केला. या प्रवासाला ‘उजवीकडून डावीकडे’ असे म्हणणारा अभ्यासक त्याच्या मुळाशी असलेली एकच सलग तळमळ पाहू शकत नाही. आणि ती तळमळ म्हणजे बहुजन शेतकऱ्याला राज्यकारभारात जागा मिळावी, ही होय.

३

यावर कोणी म्हणेल की, उदाहरणांनी गोंधळ माजविणे सोपे आहे; शब्दांची नीट व्याख्या केली की गोंधळ नाहीसा होतो. हा आक्षेप रास्त आहे आणि तशी व्याख्या करण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न इटलीचे तत्त्वचिंतक नॉर्बेर्तो बॉब्बिओ यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या पुस्तकात केला आहे. बर्लिनची भिंत पडून पाच वर्षे झाली होती आणि डावे-उजवे हा भेद आता इतिहासजमा झाला, असे सर्वत्र म्हटले जात होते. बॉब्बिओ यांनी त्यास उत्तर दिले की, हा भेद संपलेला नाही. त्याचा गाभा समतेविषयीच्या दृष्टिकोनात आहे. माणसामाणसांतील विषमता बव्हंशी समाजाने निर्माण केलेली आहे, म्हणून ती कमी करता येते, असे मानणारा तो डावा. ती बव्हंशी स्वाभाविक व अटळ आहे असे मानणारा तो उजवा. स्वातंत्र्य आणि हुकूमशाही यांचा अक्ष त्यांनी निराळा ठेवला आणि त्यायोगे दोन्ही बाजूंतील नेमस्त व अतिरेकी यांचा उलगडा केला.

ही व्याख्या स्वच्छ आहे आणि तिचे ऋण मान्य केले पाहिजे. ‘सगळे सारखेच’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांपेक्षा बॉब्बिओ कितीतरी अधिक प्रामाणिक आहेत. परंतु ती आपल्या भूमीवर लावू गेल्यास पहिलाच प्रश्न असा उभा राहतो, की समता कोणती? युरोपातील ज्या समाजाचे चित्र त्यांच्यासमोर होते त्यात वर्गाची विषमता मध्यवर्ती होती आणि इतर विषमता तिच्याभोवती रचता येत होत्या. आपल्याकडे जात, वर्ग, स्त्री-पुरुष, धर्म आणि भाषा या पाच विषमता एकीवर एक नीट बसत नाहीत. एकीविरुद्ध झगडणारा मनुष्य दुसरीविषयी उदासीन असतो. कधी दुसरीचा लाभधारकही असतो.

मुंबईच्या गिरण्यांतील एक वस्तुस्थिती या संदर्भात फार बोलकी आहे. विणकाम खात्यात पगार अधिक असे. परंतु तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो या कारणास्तव तेथे अस्पृश्य कामगारांस घेत नसत, आणि ही बंदी पाळण्यात सवर्ण कामगारही सामील होते. १९२८-२९च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. आता समतेची मोजपट्टी हाती घेऊन या प्रसंगी डावे कोण ते सांगावे. मालकाविरुद्ध लढणारा कामगारसंघ, की संघाला त्याच्याच दारातील अन्याय दाखविणारे आंबेडकर? दोघांनाही डावे म्हटले तर त्यांच्यातील भांडण अनाकलनीय ठरते. एकास उजवे म्हटले तर अन्याय होतो.

आंबेडकरांचे सर्व आयुष्यच या मोजपट्टीला दिलेले उत्तर आहे. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८च्या जानेवारीत खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलावर नेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप घडवून आणला. १९४७ साली त्यांनी मांडलेल्या घटनायोजनेत शेतजमीन आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी तरतूद होती. त्याच आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बोलताना रक्तरंजित क्रांतीचा मार्ग तर सोडाच, पण सत्याग्रहाचा मार्गही आता सोडून दिला पाहिजे असे बजाविले. आणि १९५६ साली काठमांडू येथे बुद्ध व मार्क्स यांची तुलना करून आपला कौल बुद्धाला दिला. या चार गोष्टींत विसंगती नाही. एक सुसंगत विचार आहे. जातिभेदाचे निर्मूलन, आर्थिक शोषणाचा अंत, घटनात्मक मार्ग आणि नीतीचे अधिष्ठान अशी चार पदे त्या विचाराला आहेत. ‘डावे’ हा शब्द त्यांपैकी दीड पद सांगतो आणि उरलेली अडीच झाकून ठेवतो.

दुसऱ्या बाजूसही हीच अडचण आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांना ‘उजवे’ म्हणण्याबद्दल दुमत नसते आणि १९३७पासून हिंदुमहासभेचे जे राजकारण त्यांनी केले त्यापुरते ते विशेषण टिकतेही. परंतु रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत त्यांनी रोटीबंदी व स्पर्शबंदी मोडण्याची चळवळ चालविली, १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी पतितपावन मंदिर उघडले आणि गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असे स्पष्ट लिहिले. ‘उजवा’ या एका शब्दाने त्यांचा स्वीकार करणारे हा भाग वगळतात आणि त्याच शब्दाने त्यांचा धिक्कार करणारेही हाच भाग वगळतात. हिंदू समाजांतर्गत समता आणि राष्ट्राच्या व्याख्येत धर्माला दिलेले स्थान या दोन गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र कशा नांदल्या, हा विचार करण्याजोगा व वाद घालण्याजोगा खरा प्रश्न आहे. लेबल लावताच तो प्रश्नच उरत नाही.

४

ज्या वाङ्मयाशी या पृष्ठांचा विशेष संबंध आहे त्याकडे आता वळू. गोमंतकातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) आणि कोसबें येथे जन्मलेले त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी (१९०७–१९६६) या पितापुत्रांचे उदाहरण घेऊ. धर्मानंदांनी बौद्ध धर्माच्या ज्ञानासाठी नेपाळपासून सिंहलद्वीपापर्यंत पायपीट केली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना मराठीतून कार्य करण्यासाठी वेतन दिले. पुढे ते अमेरिकेत हार्वर्ड येथे व रशियात लेनिनग्राड येथे बौद्धविद्येच्या कामासाठी गेले. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभारला. आणि अखेर सेवाग्राम येथे प्रायोपवेशनाने देह ठेवला. पाली ग्रंथांचे पंडित, समाजवादाविषयी आस्था बाळगणारे आणि गांधींच्या सत्याग्रहात उतरणारे हे भिक्षुवृत्तीचे लेखक कोणत्या बाकावर बसवावयाचे? त्यांचे ‘निवेदन’ वाचणाऱ्याला हा प्रश्न सुचतच नाही. न वाचणाऱ्याला मात्र तो प्रथम सुचतो.

दामोदर कोसंबी मार्क्सवादी होते आणि तसे ते स्वतः सांगत. १९४९ साली कॉम्रेड श्री. अ. डांगे यांचे प्राचीन भारतावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतची वाटचाल भारतात झाली, असा त्याचा सिद्धान्त होता. त्या पुस्तकाचे परीक्षण कोसंबींनी पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात केले आणि ते इतके कठोर होते की, कोणा विरोधी पक्षाच्या पंडिताने तितके कठोर लिहिले नसते. पुराव्याची हेळसांड करून तयार साचा इतिहासावर बसविणे म्हणजे मार्क्सवाद नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. डांगे डावे आणि कोसंबीही डावे. या शब्दाने दोघांतील जो भेद दिसत नाही तोच ज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद आहे: एकाजवळ उत्तर आधी होते, दुसऱ्याने नाण्यांची वजने, शिलालेख आणि खेड्यापाड्यांतील देवस्थाने तपासून उत्तर शोधले. १९५६ साली प्रसिद्ध झालेला कोसंबींचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाविषयीचा ग्रंथ आजही वाचला जातो तो त्यांच्या पद्धतीसाठी. तीत दोष काढणाऱ्यालाही ती आधी शिकावी लागते.

इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी वाचकांना मुक्तिबोध बंधूंची आठवण करून देणे अनाठायी होणार नाही. ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे १९१७ साली जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे श्रेष्ठ कवी झाले; त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी, कादंबरीकार आणि समीक्षक झाले. दोघेही मार्क्सवादी म्हणून ओळखले जातात. परंतु शरच्चंद्रांच्या समीक्षेत सर्वांत कष्टाने मांडलेली कल्पना ‘मानुषता’ ही आहे. ज्या ग्रंथाला १९७९चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले तो ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ हा ग्रंथ घ्यावा. साहित्याचे मूल्य त्याच्या राजकीय उपयुक्ततेहून निराळे कसे आणि तरी ते जीवनापासून तुटलेले का नाही, या पेचाशी तेथे झुंज आहे. पाठ्यपुस्तकी टिपणात ‘मार्क्सवादी समीक्षक’ एवढे दोन शब्द आले की ही झुंज विद्यार्थ्याच्या नजरेआड होते. मार्क्सवादी समीक्षकाने काय म्हटले असेल ते त्याला आधीच ठाऊक असते. ग्रंथ उघडण्याचे प्रयोजनच राहत नाही.

अण्णाभाऊ साठे यांचीही अशीच वाटणी झाली आहे. ते कम्युनिस्ट पक्षाच्या कलापथकाचे शाहीर होते, म्हणून डाव्यांनी त्यांना आपले म्हटले. ‘फकिरा’ (१९५९) ही कादंबरी त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या झुंजार लेखणीस अर्पण केली, म्हणून पुढे दुसऱ्यांनी आपले म्हटले. दोन्ही मंडळींचा दावा खरा आहे. परंतु या ओढाताणीत कादंबरीतील गोष्ट सांगण्याची लोककथेसारखी धाटणी, गावगाड्यातील मान-अपमानाचे तिने केलेले चित्रण आणि तिचा नायक वर्गाचा प्रतिनिधी नसून आपल्या गावाचा आणि आपल्या आईबापांचा मुलगा आहे ही गोष्ट, यांकडे किती वाचकांचे लक्ष जाते? उलट बाजूस, पु. भा. भावे यांच्या कथांचे काय झाले ते पाहावे. त्यांच्या हिंदुत्ववादी मतांवरून १९७७च्या पुणे येथील संमेलनात मोठा गोंधळ झाला. त्या मतांना विरोध करण्याचा हक्क कोणी नाकारू नये. परंतु नवकथेच्या उभारणीत ज्यांचे नाव गाडगीळ, गोखले, माडगूळकर यांच्या पंक्तीत घेतले जाते त्या भाव्यांची एकही कथा न वाचता त्यांच्याविषयी निश्चित मत बाळगणारे पदवीधर आम्हांस भेटतात, तेव्हा हानी भाव्यांची झाली नसून त्या पदवीधरांची झाली आहे असे वाटते.

आमच्या पाहण्यातील एका वाचनमंडळात वर्षभराच्या वाचनाची यादी करताना सदस्यांनी तीन डाव्यांमागे तीन उजवे असा समतोल साधण्याचा आग्रह धरला. हेतू चांगला होता. कोणास पक्षपात वाटू नये. यादी तयार झाली, तिच्यावर वाद झाला नाही आणि वर्षभर चर्चाही झाली नाही. प्रत्येक सदस्याने आपल्या बाकावरची पुस्तके वाचली व समोरच्या बाकावरची चाळली. ज्या समतोलाने कोणाचेही मत हलत नाही, त्या समतोलाने मंडळाचे काय साधले असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

५

आता विरुद्ध बाजू. ‘मी डावाही नाही आणि उजवाही नाही’ असे म्हणणारा बहुधा उजवाच असतो, अशा अर्थाचे एक निरीक्षण फ्रेंच विचारवंत आलँ यांनी पूर्वीच नोंदविले आहे. त्यात तथ्य आहे. जो आहे त्या व्यवस्थेत सुखी असतो त्याला बाजू घेण्याची गरज वाटत नाही, आणि आपल्या सुखाला तो तटस्थता असे नाव देतो. जमीन कसणाऱ्याची की मालकाची, देवळाचे दार उघडावयाचे की नाही, मजुरी वाढवावयाची की नाही, हे प्रश्न खरे आहेत. त्यांवर मौन पाळणे हीही एक बाजूच होय. म्हणून आमच्या लेखाचा उपयोग कोणी बाजू टाळण्यासाठी करू नये. लेबलांचा त्याग म्हणजे भूमिकेचा त्याग नव्हे. उलट, लेबल हे पुष्कळदा भूमिका न घेता भूमिका घेतल्याचे समाधान देते.

शिवाय आपल्याच प्रांतांतील दोन मोठे लढे असे सांगतात की, नेमका प्रश्न पुढे आला की माणसे बाके सोडून उभी राहतात. १९५५ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहात समाजवादी ना. ग. गोरे आणि जनसंघाचे जगन्नाथराव जोशी या दोघांनीही तुकड्या नेल्या आणि दोघांनीही पोर्तुगीजांचा तुरुंग सोसला. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सीमेवर धारातीर्थी पडलेल्यांत निरनिराळ्या पक्षांचे लोक होते. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यास स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या छत्राखाली प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, हिंदुमहासभा आणि जनसंघ एकत्र आले व १९५७ची निवडणूक त्यांनी मिळून लढविली. १ मे १९६० रोजी राज्य झाले आणि समितीतील एकी विरली. बेळगाव मागे राहिले. यावरून दोन्ही गोष्टी शिकता येतात. भाषेच्या प्रश्नावर डावे-उजवे हा भेद निरर्थक ठरला. परंतु राज्य मिळाल्यावर ते कोणासाठी चालवावयाचे, हा प्रश्न येताच मतभेद परत आले, आणि ते परत येणे योग्यच होते.

मुक्त गोव्यातील पहिल्या निवडणुकीचे उदाहरणही येथे नमूद करण्याजोगे आहे. १९६३च्या डिसेंबरात सत्तेवर आलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष कुळांचा व बहुजनांचा पक्ष होता आणि त्याचे नेते दयानंद बांदोडकर खाणमालक होते. त्या सरकारने १९६४ साली कूळकायदा केला. त्याच पक्षाने विलीनीकरणाचा आग्रह धरला आणि १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात तो मान्य झाला नाही. मराठीचा अभिमान, बहुजनांचा उदय, कुळांचा हक्क आणि खाणमालकाचे नेतृत्व ही चार सूत्रे ज्या पक्षात गुंफलेली होती त्याचा इतिहास डाव्या-उजव्यांच्या भाषेत लिहू पाहणाऱ्याने पहिल्याच पानावर लेखणी खाली ठेवावी.

सारांश, आमची मागणी माफक आहे. शब्द हद्दपार करावेत असे आम्ही म्हणत नाही. तसे कोणाच्या म्हणण्याने होतही नाही. वर्गात हे शब्द निघाले की शिक्षकाने दोन प्रश्न मात्र अवश्य विचारावेत: कोणत्या प्रश्नावर, आणि कोणत्या साली? ‘टिळक उजवे होते’ असे विद्यार्थ्याने लिहिले तर ‘१८९१ साली विवाहवयाच्या प्रश्नावर’ एवढे त्यात जोडावयास त्याला लावावे. मग ‘१९०८ साली कामगारांच्या प्रश्नावर काय?’ ही शंका त्याची त्यालाच येईल. ज्या विशेषणाला प्रश्न आणि साल ही दोन्ही जोडता येत नाहीत ते उत्तरपत्रिकेत गुणास पात्र धरू नये. लेखकपरिचयाच्या टिपणात पक्षाचे नाव लिहावयाचेच असेल तर ते ग्रंथांच्या आशयानंतर लिहावे, आधी लिहू नये. आणि जे ग्रंथ आपण नेमतो त्यांत ‘शेतकऱ्याचा असूड’, आगरकरांचे निबंध, सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध, आंबेडकरांची भाषणे आणि धर्मानंदांचे ‘निवेदन’ ही एकाच सत्रात लागोपाठ वाचावयास द्यावीत, म्हणजे समतेचे किती निरनिराळे अर्थ मराठीत लिहिले गेले आहेत ते विद्यार्थ्याला प्रत्यक्ष दिसेल. त्यानंतर त्याने जी बाजू घ्यावयाची ती खुशाल घ्यावी. ती त्याने वाचून घेतलेली असेल, आणि शिक्षक म्हणून आपली जबाबदारी तेवढीच आहे.